शेजारच्या फार्मवरचा रोग: वाऱ्याने येतो की फाटकातून?

शेजारच्या वराहफार्मवर मरतूक सुरू झाली, की आधी वाऱ्याची दिशा पाहिली जाते. ही काळजी रास्त आहे, पण प्रत्येक विषाणूला लागू पडत नाही. हाताशी पैसा बेताचा असेल आणि शेडला हवेचे फिल्टर बसवायचे की फाटकाची व्यवस्था सुधारायची हे ठरवायचं असेल, तर आधी पाहावं की धोका नेमका कोणत्या रोगाचा आहे.

हवेतून येणाऱ्यांत सर्वांत त्रासदायक पीआरआरएस, म्हणजे डुकरांच्या प्रजननावर आणि श्वसनावर घाला घालणारा विषाणूजन्य रोग. अमेरिकेतल्या अभ्यासांत जिवंत विषाणू बाधित कळपापासून 4.7 आणि नंतर 9.1 किलोमीटरवरच्या हवेत सापडला. थंडी, मंद वारा आणि कमी ऊन त्याच्या पथ्यावर पडतं. लाळ्या-खुरकूतचा पल्ला याहून मोठा: 1981 मध्ये फ्रान्सच्या ब्रिटनी भागातून तो समुद्र ओलांडून इंग्लंडच्या आइल ऑफ वाइटपर्यंत पोचला. डुकरं श्वासावाटे हा विषाणू प्रचंड प्रमाणात सोडतात, मात्र हवेतून तो डुकरांपेक्षा गायीगुरांना फार सहज लागतो. शेजारी गुरांचा गोठा असेल, तर तुमच्या कळपापासून त्यालाच धोका अधिक.

आफ्रिकन स्वाइन फीवर या डुकरांच्या जीवघेण्या तापाची गोष्ट वेगळी. हवेतून तो फार तर जवळच्या जनावरापर्यंत जातो. त्याचा खरा प्रवास रक्त, मेलेली जनावरं, कच्चं मांस, उष्टं-खरकटं, बूट आणि गाड्यांच्या चाकांवरून होतो, आणि गोठवलेल्या मांसात तो दीर्घकाळ टिकतो. क्लासिकल स्वाइन फीवर, हा दुसऱ्याच विषाणूचा ताप, तोही बहुतेक अशाच वाटांनी येतो. 1997-98 मध्ये नेदरलँड्समध्ये त्याने 429 फार्म गाठले. तिथे तो नीट निर्जंतुक न झालेल्या जनावरांच्या गाडीतून शिरला असावा, असं मानलं जातं. पीईडी हा पिल्लांच्या जुलाबाचा रोग विष्ठेतून पसरतो. कत्तलखान्यावरून परतलेली, न धुतलेली गाडी त्याला पुरते.

माझं मत स्पष्ट आहे: आधी फाटक. पीआरआरएससुद्धा फक्त वाऱ्याने येत नाही. नव्या माद्या, रेतनासाठी आणलेलं वीर्य, कळपात फिरणारी एकच सुई, या सगळ्यांतून तो येतो. हे मार्ग उघडे ठेवून फिल्टर लावणं म्हणजे छप्पर शाकारून दार उघडं टाकणं. शिवाय बाजूंनी मोकळी शेड असेल तर फिल्टरचा विचारच सोडावा. बंद शेडमध्येही पंखे आत ओढतात ती सगळी हवा फिल्टरमधूनच आली पाहिजे. दाराची एक फट सारा खर्च वाया घालवते.

फाटकाची व्यवस्था म्हणजे नुसतं चुना टाकणं किंवा पाय बुडवायचं भांडं ठेवणं नव्हे. शेणाने माखलेल्या बुटावर जंतुनाशक नीट काम करत नाही. आधी धुवायचं, मग जंतुनाशक, मग वाळवायचं. शेडचे बूट-कपडे शेडमध्येच राहावेत. जनावरं चढवायची जागा कुंपणाच्या कडेला असावी, म्हणजे व्यापाऱ्याची गाडी आत येणार नाही. मेलेली जनावरं उचलणारी गाडीही बाहेरच थांबावी, कारण ती आधी कुठल्या फार्मवर जाऊन आली हे सहसा कळत नाही. नवी जनावरं किमान महिनाभर वेगळी ठेवून, तपासणी करूनच कळपात सोडावीत.

लशीच्या भरवशावर यातलं काहीच टाळता येत नाही. क्लासिकल स्वाइन फीवरची लस चांगली आहे. पीआरआरएसची लस आजाराची तीव्रता कमी करते, पण संसर्ग पूर्ण रोखत नाही.

मग फिल्टर कोणी घ्यावा? प्रजननाच्या माद्यांचा मोठा, बंद शेडमधला कळप आहे, आसपास दाट वराहफार्म आहेत, आणि फाटक कडक असूनही पीआरआरएस पुन्हापुन्हा नव्याने शिरतोय, अशांनी. केवळ मांसासाठी डुकरं वाढवत असाल, तर सगळी जनावरं एकदम आणणं, एकदम काढणं आणि मधल्या काळात शेड धुऊन रिकामी ठेवणं यावर तोच पैसा जास्त उपयोगी पडेल. दोन्ही प्रकारच्या फार्मांनी शेजाऱ्याशी आधीच ठरवून ठेवावं: संशय आला त्याच दिवशी एकमेकांना आणि पशुवैद्यकाला कळवायचं, आणि निदान होईपर्यंत मजूर, अवजारं, नर यांची देवाणघेवाण थांबवायची.