जुन्या स्पिनिंग रीलचा पीळ: रोलर बदलावा की बेल काढावी?

मासेमारीच्या जुन्या स्पिनिंग रीलमध्ये तंगूस (गळाची दोरी) काटकोनात वळून स्पूलवर, म्हणजे ती गुंडाळली जाते त्या रिळावर, जाते ती लाइन रोलर या छोट्या चाकावरून. हा रोलर अडकला की तंगूस त्यावर घासत सरकते, पीळ भरतो आणि ढिली पडताच तिची वेटोळी होतात. बारीक पाहिलं तर अडकलेल्या रोलरवर एकाच जागी चर पडलेली दिसते.

पहिला उपाय म्हणजे रोलरच्या आतल्या बुशच्या (साध्या नळीच्या) जागी छोटं बॉल बेअरिंग बसवणं. रीलचं रूप तसंच राहतं, मूळ भाग जपून ठेवता येतात. पण खारं पाणी बेअरिंगला लवकर खातं, त्यामुळे तेलपाण्यात हयगय चालत नाही.

दुसरा उपाय धाडसाचा: बेलची, म्हणजे तंगूस पकडून रोलरवर आणणाऱ्या कमानीची, तार काढून तंगूस बोटाने रोलरवर चढवायची. पेन कंपनीची ७०६ रील कारखान्यातूनच अशी येत असे. हँडल फिरवून बेल बंद करताना स्पूलवर जो ढिला फास पडतो, तो इथे टळतो. बेलची स्प्रिंग तुटायची भीतीही संपते. मात्र तारेचं वजन गेल्याने रोटर (हँडल फिरवताच स्पूलभोवती फिरणारा भाग) थरथरतो, समतोल साधावा लागतो. अंधारात हात सरावलेला हवा. शिवाय रोलर अडकलेलाच असेल तर पीळ पडतच राहणार.

म्हणून माझं मत ठामपणे बेअरिंगच्या बाजूने. बेल हाताने बंद करायची सवय लावली की दुसऱ्या उपायाचा मोठा फायदा तार न काढताही मिळतो.

ड्रॅग (मासा जोरात ओढतो तेव्हा तंगूस सोडणारा ब्रेक) सरकत असताना हँडल फिरवू नका. ५:१ गिअरच्या रीलमध्ये हँडलच्या एका फेऱ्यात रोटर पाचदा फिरतो, म्हणून अशा प्रत्येक फेऱ्याला पाच पीळ पडतात. तिथे दोन्ही उपाय हतबल आहेत.