पहिल्या खुड्याचे पैसे संध्याकाळीच आले

गेल्या फेब्रुवारीत दोन एकर थॉमसन द्राक्षाची बाग बाहेरच्या राज्यातल्या एका व्यापाऱ्याला दिली आणि साडेचार लाखांना बुडालो. निफाड तालुक्यात यात नवल काही नाही, दर हंगामात कुणाचे ना कुणाचे जातात. दुसऱ्याचं ऐकून ‘कागद न बघता माल कसा देतात हे लोक’ म्हणणाऱ्यांतलाच मी होतो. म्हणून सगळं सविस्तर सांगतो. कारण वेडेपणा करतोय असं मला त्या वेळी एकदाही वाटलं नाही.

दलाल ओळखीचा, पंचक्रोशीतला. गावात किलोला 36-37 चा भाव चालू असताना त्याच्याबरोबर आलेला शेठ बागेत चार घड चाखून म्हणाला, 41. वर ‘घट धरणार नाही’, म्हणजे वजनातून काही कापणार नाही. कांद्याचं बरं असतं, लासलगावला लिलावात भाव सगळ्यांसमोर फुटतो आणि दुपारपर्यंत मोबाईलवर येतो. द्राक्षाचा भाव म्हणजे शेजाऱ्याला जे मिळालं ते, आणि शेजारी खरं सांगेलच असं नाही. कमी मिळाला असेल तर लाजेपायी दोन रुपये वाढवूनच सांगतो. अशा अंधारात 41 म्हणणाऱ्याला कोण नाही म्हणेल?

पहिला खुडा, म्हणजे पहिली तोडणी, 30 क्विंटलचा. 1 लाख 23 हजार झाले. संध्याकाळी सहाच्या आत खात्यावर! आण्णा म्हणाले, ‘माणूस सरळ दिसतो.’ मीच ही गोष्ट अजून दोघांना सांगितली, त्यांनीही त्यालाच बाग दिली. त्यांच्या तोंडाकडे आजही बघवत नाही.

दुसरा खुडा 42 क्विंटलचा, 1 लाख 72 हजार 200 रुपयांचा. आले दीड लाख, तेही दोन दिवसांनी. बाकीचे पुढच्या खुड्यात. एवढं तर चालतंच.

मग आभाळ भरून आलं. फेब्रुवारीत ढग दिसले की बागायतदाराचं काय होतं ते सांगायला नको. तयार मालावर पाऊस पडला की मण्यांना तडे, आणि मग 41 सोडा, चौदालाही कुणी विचारत नाही. ‘भाऊ, पाणी येण्याआधी सगळी बाग उरकून टाकू,’ असं तोच म्हणाला. मला तर ते उपकारच वाटले. दोन दिवसांत त्याच्या टोळीने 105 क्विंटल खुडून गाडीत भरले. 4 लाख 30 हजार 500.

मागचे धरून 4 लाख 52 हजार 700 व्हायचे. त्याने साडेचार लाखांचा चेक लिहिला, पंधरा दिवस पुढच्या तारखेचा. वरचे 2 हजार 700 खिशातून काढून एकेक नोट मोजून आईच्या हातात ठेवले, ‘माई, हिशोब पूरा’ म्हणाला आणि पाया पडला. त्या शेवटच्या हिशोबातले हाती लागले ते तेवढेच. चेक ‘फंड्स इन्सफिशियंट’ म्हणून परत आला, तेव्हा त्याचा फोन बंद होऊन आठवडा झाला होता. दलाल म्हणाला, ‘मी फक्त बाग दाखवली.’

नंतर सगळे कागद ओट्यावर मांडून बसलो. चिठ्ठीवर एका ट्रेडिंग कंपनीचं नाव. ना जीएसटी नंबर, ना कुठल्या बाजार समितीचा परवाना. चेकवर दुसऱ्याच माणसाचं नाव. आधारची झेरॉक्स तिसऱ्याची. आमच्याकडे खरं असं एकच होतं, आईची वही. टोळी त्याची, काटा त्याचा, म्हणून ती बांधावर बसून क्रेट मोजायची. चार उभ्या रेघा, एक आडवी.

त्या वहीवरून आणखी एक गोष्ट कळली. काट्यावर रिकाम्या क्रेटचे 2 किलो वजा व्हायचे. त्यांची दोन क्रेटं आमच्या शेडमध्ये राहून गेली होती, ती मोजली तर 1 किलो 650 ग्रॅम भरली. क्रेटमागे 350 ग्रॅम. तिन्ही खुडे मिळून 980 क्रेट, म्हणजे 343 किलो, 14 हजारांचा माल. ‘घट धरणार नाही’ ती अशी. पैसे पूर्ण आले असते तर ही चोरी मला जन्मात कळली नसती.

बाजार समितीत गेलो. ते म्हणाले, सौदा शिवारातला, आमच्या हातात काही नाही. 2016 मध्ये राज्याने फळं आणि भाजीपाला नियमनमुक्त केला, तेव्हापासून समितीचा अधिकार आवारापुरता. शेतकऱ्याकडून आडत, म्हणजे आडत्याची दलाली, घ्यायची नाही, हेही त्याच वेळी ठरलं आणि ते चांगलंच झालं. माल कुठेही विकायची मोकळीक मिळाली, पण ती विकणाऱ्याला आणि बुडवणाऱ्याला सारखीच. आवारात निदान परवानाधारक व्यापारी असतो, काटापट्टी म्हणजे वजनाची पावती असते, चोवीस तासांत पैसे देण्याचा दंडक असतो. तिथेही कांद्याच्या खळ्यावर ट्रॉली रिकामी होताना ‘वांधा’ म्हणजे मालात खोट काढून भाव पाडतातच, समित्या म्हणजे काही स्वर्ग नाही. पण भांडायला समोर कुणीतरी उभं असतं.

केंद्राच्या 2020 च्या शेतमाल व्यापार कायद्यात तीन कामकाजी दिवसांत पैसे द्यायचं कलम होतं. धुळे जिल्ह्यातल्या एका मका उत्पादकाने त्याच्या आधारे मध्य प्रदेशच्या व्यापाऱ्यांकडून पैसे वसूलही केले होते. पण त्याच कायद्याने नुसतं पॅन कार्ड असलेल्यालाही व्यापारी ठरवलं होतं. जानेवारी 2021 मध्ये सुप्रीम कोर्टाने स्थगिती दिली, वर्षाअखेर कायदाच गेला. त्याच्याबरोबर ते कलमही गेलं. आणि गंमत बघा, एक्स्पोर्टच्या द्राक्षाला ग्रेपनेट या सरकारी ऑनलाइन प्रणालीवर प्लॉटची नोंद लागते, पेटी कुठल्या बागेतली ते युरोपात बसून कळतं. युरोपीय संघाने 2019 मध्ये नाशवंत मालाचे पैसे पुरवठादाराला तीस दिवसांत द्या असा नियमही केला. आमचा घड ओळखता येतो, घेणारा ओळखता येत नाही.

पोलिसांनी आधी ‘हा दिवाणी मामला’ म्हणून वाटेला लावलं. 2020 मध्ये नाशिक परिक्षेत्राचे पोलीस महानिरीक्षक प्रताप दिघावकर यांनी द्राक्षवाल्यांच्या बुडालेल्या पैशांसाठी मोहीमच उघडली होती, तेव्हा अनेकांना रकमा परत मिळाल्या. अधिकाऱ्याची इच्छा असली की होतं, एवढं त्यावरून कळलं. आमच्या फसवणुकीचा गुन्हा आम्ही तिघांनी एकत्र जाऊन अर्ज दिल्यावर नोंदला गेला.

चेक परत आला असेल तर दिवस मोजा. बँकेचा मेमो हातात पडल्यापासून तीस दिवसांत नोटीस गेली पाहिजे, नोटीस मिळाल्यावर त्याला पंधरा दिवस, ते संपल्यावर महिनाभरात चेक न वटल्याबद्दलच्या कलम 138 खाली कोर्टात तक्रार. मी पहिले बारा दिवस दलालाच्या ‘उद्या बोलतो’वर घालवले. 2015 च्या दुरुस्तीमुळे तुमचं खातं ज्या शाखेत, तिथल्या कोर्टात तक्रार करता येते, त्याच्या गावाला जावं लागत नाही. नोटीस ‘पत्त्यावर नाही’ म्हणून परत आली, तेव्हा वकील म्हणाले, पाकीट फोडू नका, तसंच ठेवा. गाडीचा नंबर पुतण्याने काढलेल्या फोटोत निघाला म्हणून माल कुठल्या मंडीत उतरला ते तरी कळलं. बिल्टीवर, म्हणजे गाडीतल्या मालाच्या पावतीवर, तिथे चौथंच नाव होतं.

यंदा छाटणीनंतर तोच दलाल बांधावर आला. ‘भाव बरा निघेल, एक पार्टी आहे.’ मी त्याला म्हटलं, सौद्यावर साक्षीदार म्हणून तू सही करशील का? बिडी विझवून म्हणाला, ‘बघू, नाना,’ आणि गाडीला किक मारली.

पुढच्या मंगळवारी तारीख आहे. आईने वही प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवघरात ठेवली आहे.