आडगाव नाक्याचं रेडिएटरचं दुकान आणि माझी तापणारी जीप

नाशिकला आडगाव नाक्याच्या पुढे सर्व्हिस रोडला ट्रकवाल्यांची गॅरेजं आहेत ना, त्याच ओळीत रेडिएटरचं एक छोटं दुकान आहे. बोर्ड उन्हाने इतका पुसलाय की ‘रेडिएटर’ एवढंच वाचता येतं, बाहेर जुन्या जाळ्यांचा ढीग दिसला की तेच समजा. मार्चच्या शेवटी माझी जीप तिथे नेली होती, आता घाट, ऊन, शेत सगळं करून झालंय म्हणून निवांत लिहितोय. ज्यांच्याकडे जुनी फोर बाय फोर आहे आणि तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकला की पोटात गोळा येतो, त्यांनी जरूर वाचा.

गाडी 2003 ची, डिझेल, वडिलांनी दिंडोरीच्या द्राक्षबागेसाठी सेकंडहँड घेतलेली. 2018 ला आणि परत 2023 ला पासिंग करून घेतलं, म्हणजे ती विकायची नाही हे घरात ठरलेलंच आहे. दोन वर्षांपासून तापायची. हायवेला ऐंशीने पळवली तर काही नाही, पण बागेत लो गिअर टाकून चिखलातून ट्रॉली ओढली किंवा द्वारका चौकाच्या जाममध्ये अडकलं की काटा वर. जानेवारीत कल्याणहून येताना कसारा घाटात एका कंटेनरच्या मागे दुसऱ्या गिअरवर रांगत होतो, मागच्या सीटवर आई, आणि बॉनेटमधून एकदम वाफ. एसी बंद केला, हीटर फुल सोडला, जागा मिळाली तिथे बाजूला घेतली आणि पाऊण तास नुसते थांबलो. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतायचं नाही, हेडला (इंजिनच्या वरच्या भागाला) तडा जातो, हे वडिलांनी लहानपणापासून सांगितलेलं म्हणून तेवढं तरी वाचलं.

त्याआधी दोन गॅरेज झाली होती, नावं घेत नाही. पहिल्याने वॉटर बॉडी (पाणी फिरवणारा पंप) बदलली, फरक पडला नाही, मग थर्मोस्टॅट काढून फेकला आणि म्हणाला आता पाणी मोकळं फिरेल. हा सल्ला नाशकात अर्धे मेकॅनिक देतात आणि मला आता त्याचा खरंच राग येतो. थर्मोस्टॅट साधारण 82 ते 88 डिग्रीला उघडतो, त्याचं काम इंजिन लवकर त्या तापमानाला आणून तिथेच धरून ठेवणं. तो काढला की थंडीत पहाटे इंजिन गरम व्हायलाच तयार नाही, डिझेल जास्त पितं, आणि काही इंजिनांत तर तोच थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो, म्हणजे तो नसला की थोडं गरम पाणी रेडिएटरला न जाता तसंच परत इंजिनात फिरत राहतं. घाटात तापायचं काय थांबलं नाही. दुसऱ्या गॅरेजने गाडी दहा मिनिटं चालू ठेवून सांगितलं की हेड गॅस्केट (हेडखालचं सील) गेलं, हेड खोलून फेसिंग (घासून सपाट) करावं लागेल, तीसेक हजार धरा. वडील म्हणाले थांब, हेड खोलायच्या आधी आडगावला त्या रेडिएटरवाल्या काकांना दाखव.

काका साठीच्या आसपासचे, सोबत त्यांचा पुतण्या. पहिला प्रश्न विचारला, “भाऊ, पळताना तापते का रांगताना?” मी सांगितलं रांगताना, तर म्हणाले मग आधी हवेकडे बघू, पाण्याकडे नंतर. इतकं साधं आहे बघा. वेगात असताना हवा समोरून आपोआप जाळीतून जाते, तेव्हा फॅन ढिला असला तरी खपून जातं, गाडी हळू झाली आणि इंजिनवर लोड आला की सगळी मदार फॅनवर. फास्ट पळताना तापत असेल तर जाळीत पाणीच नीट फिरत नाही असा संशय घ्यायचा. दोन वर्षांत मला हे कुणी विचारलंच नव्हतं.

पण पुतण्याने आधी हेडचं बघून घेतलं, कारण ती भीती माझ्या डोक्यातून जात नव्हती. रेडिएटरच्या तोंडावर एक काचेची नळी बसवली, त्यात निळं लिक्विड, आणि इंजिन चालू. सिलिंडरमधला गॅस पाण्यात येत असेल तर ते हिरवं-पिवळं पडतं. मी नजर न हलवता बघत होतो, दहा मिनिटं झाली, निळंच. ऑइलची दांडी काढून दाखवली, ऑइलमध्ये दुधाळपणा नाही, सायलेन्सरला पांढरा धूर नाही. “हेडला हात लावायचा नाही,” काका म्हणाले. मी तिथेच वडिलांना फोन लावला.

मग इंजिन गरम असतानाच बंद केलं आणि फॅन हाताने फिरवून बघायला सांगितला. गरम असताना तो अडून फिरायला हवा, माझा चार-पाच गिरक्या घेऊन मग थांबला. फॅन कपलिंगच्या (पट्ट्याची फिरकी फॅनला देणाऱ्या भागाच्या) मधोमध तेलकट काळा थर होता, बोटाने पुसला तर चिकट. आत सिलिकॉन ऑइल असतं, त्याच्यामुळेच कपलिंग फॅनला पकडतं, ते गळून गेलं की पट्टा फिरतो, फॅन आळसात फिरतो आणि बघणाऱ्याला वाटतं फॅन तर चालू आहे.

रेडिएटरचं झाकण पण मशीनवर लावून बघितलं. त्यावर 0.9 (किती प्रेशर धरायचं तो आकडा) लिहिलेलं, धरत होतं जेमतेम 0.4. प्रेशर टिकलं तर पाणी 118 डिग्रीच्या आसपास उकळतं, 0.4 ला साधारण 110 लाच. म्हणजे घाटात जिथे सांभाळून निघालो असतो तिथे झाकणानेच घात केला. एवढीशी वस्तू, दोन गॅरेजमध्ये कुणी काढून बघितली नाही.

आणि आता मला सगळ्यात पटलं ते. या गाडीला एसी मागून बसवलाय, त्याचा कंडेन्सर (एसीची जाळी) रेडिएटरच्या पुढे, मध्ये दोन बोटांची फट. पुढून जाळी स्वच्छ दिसते, मी दर आठवड्याला धुतो. पुतण्याने कंडेन्सर ढिला करून पुढे ओढला तर मागे कुसळं, वाळलेलं गवत, काळ्या मातीचा गारा, सगळं मिळून घोंगडीसारखा थर बसलेला, त्याने तो अक्षरशः सोलून काढला. बांधावरून गाडी घालायची सवय, दुसरं काय होणार. जाळीच्या मागे बल्ब धरला तर खालच्या निम्म्या भागातून उजेडच आरपार येत नव्हता. धुताना पाणी इंजिनच्या बाजूने पुढे मारायचं, आणि प्रेशर हलकं ठेवायचं नाहीतर पाती वाकतात. मी इतकी वर्षं पुढून मारत होतो, म्हणजे कचरा आत ढकलत होतो.

जाळी तांब्या-पितळेची असल्याने रॉडिंग (नळ्या आतून पट्टीने साफ करणं) करता आलं. टाकीचे डाग (सोल्डरचे सांधे) सोडवून वरची टाकी काढली आणि काकांनी आत बघायला बोलावलं, नळ्यांच्या तोंडाशी पांढरट पिवळा खडा जमलेला, आपल्या चहाच्या पातेल्याला बोअरच्या पाण्याने जमतो तसाच. आमच्या बागेत गडी पाणी कमी दिसलं की बोअरचंच पाणी टाकायचे, त्याचे हे क्षार. एकेक नळीतून पट्टी घालून साफ केली, परत डाग दिले, पाण्याच्या हौदात हवा भरून लीक बघितलं. प्लास्टिकच्या टाक्यांची ॲल्युमिनियमची जाळी असती तर हे झालं नसतं, सरळ नवीनच घ्यावी लागली असती. खालचा होज पाईप पण बदलायला लावला, दाबला की चपटा होऊन तसाच राहत होता, चालू इंजिनात तो आत ओढला जातो आणि पाणी अडतं.

शेवटी थर्मोस्टॅट परत बसवला, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं भरलं, गाडीचं नाक चढावर करून हीटर चालू ठेवून सगळी एअर काढली. रॉडिंग, डाग, टेस्टिंग मिळून 2,800, कपलिंग, झाकण, थर्मोस्टॅट, होज, कूलंट धरून एकूण 11,400 झाले. कुठे तीस हजार आणि कुठे हे, आणि हेड न उघडता.

आता खटकलं ते पण सांगतो. उद्या देतो म्हणाले आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी मिळाली, फोन केला तर पुतण्या उचलत नाही, काका तर फोन ठेवतच नाहीत. बसायला जागा नाही, उन्हात उभं राहावं लागतं. बिल साध्या कागदावर, पण जुने पार्ट पिशवीत घालून परत दिले आणि कुठला का बदलला ते एकेक दाखवून, त्यामुळे माझी काही तक्रार नाही.

नंतर सगळे वणीच्या सप्तशृंगी देवीला गेलो, नांदुरीहून गडाचा घाट, दुपारची एकची वेळ, गाडीत सहा माणसं, पुढे एसट्यांची रांग. मी रस्त्यापेक्षा काट्याकडेच जास्त बघत होतो. अर्ध्याच्या जरा वर गेला आणि तिथेच थांबला, फॅनचा तो घोंघावणारा आवाज कपलिंगने पकडल्यावर येतो तसा नीट ऐकू येत होता. आईने मागून विचारलं, “थांबायचं का रे?” म्हटलं नको, चाललीये.

जायचं असेल तर सकाळी साडेनऊच्या आत जा आणि रेडिएटरमध्ये आधी काय ओतलंय ते खरं सांगा, लीक बंद करायची पावडर टाकली असेल तर ते आधीच विचारतात.