रिकाम्या बारपासून सुरुवात : सांगलीतील एका वेटलिफ्टिंग वर्गाविषयी

चाळिशी ओलांडलेल्या व्यक्तीला वेटलिफ्टिंग शिकायचे असेल, तर वर्ग निवडताना तिने सर्वांत आधी एकच गोष्ट पाहावी : शिकवणारा आपल्याला रिकाम्या बारवर, म्हणजे वजनाच्या प्लेट न लावलेल्या लोखंडी दांड्यावर, किती काळ थांबवतो. सांगलीतील ज्या व्यायामशाळेच्या प्रौढ वर्गात मी जाते, तिचा सर्वांत मोठा गुण हाच आहे. नव्याने येणाऱ्याच्या हातात तिथे प्रथम प्लॅस्टिकचा पाइप दिला जातो, मग रिकामा बार, आणि सरांचे समाधान झाल्याशिवाय त्या बारला एकही प्लेट लागत नाही. दुसरा गुण आहाराविषयीचा आहे. तिथला आहाराचा सल्ला आपल्याच स्वयंपाकघरातून निघतो आणि दारात प्रथिनांच्या पावडरचे डबे मांडून ठेवलेले नसतात.

व्यायामशाळेचे नाव मी सरांच्या विनंतीवरून देत नाही, कारण जागा अपुरी आहे आणि प्रौढांच्या वर्गाला आधीच प्रतीक्षा यादी आहे. शहरात विचारपूस करणाऱ्याला ती सापडेल. शिवाय पुढे जे लिहिले आहे, ते कोणत्याही गावातील असा वर्ग पारखताना उपयोगी पडावे, अशी माझी इच्छा आहे.

या खेळाची महाराष्ट्रातील मुळे मोठ्या शहरांतील वातानुकूलित जिममध्ये शोधू नयेत. २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेत गणेश माळी, ओंकार ओतारी आणि चंद्रकांत माळी या तिघांनी कांस्यपदके मिळवली आणि हे तिघेही कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाडचे. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला सांगलीच्या संकेत सरगरने ५५ किलो वजनगटात स्नॅचमध्ये (बार एका दमात डोक्यावर) ११३ आणि क्लीन अँड जर्कमध्ये (बार आधी खांद्यांवर, मग डोक्यावर) १३५ असे एकूण २४८ किलो वजन उचलले. कोपराला दुखापत झाली आणि सुवर्णपदक अवघ्या एका किलोने हुकले. त्याच वर्षी मावळातील वडगावच्या हर्षदा गरुडने ग्रीसमधील कनिष्ठ गटाच्या जागतिक स्पर्धेत ४५ किलो गटात १५३ किलोंसह सुवर्णपदक जिंकले आणि ते जिंकणारी ती पहिली भारतीय ठरली. ज्या व्यायामशाळांमधून ही मुले घडतात, तिथली शिकवण्याची शिस्त प्रौढांच्याही वाट्याला येते का, हा माझ्या दृष्टीने या परीक्षणाचा मुख्य प्रश्न आहे. या वर्गापुरते उत्तर बव्हंशी होकारार्थी आहे.

शिकवण्याची पद्धत वरून खाली जाणारी आहे. स्नॅच म्हणजे जमिनीवरचा बार एका दमात डोक्यावर नेणे; परंतु नवशिक्याला जमिनीपासून सुरुवात करूच दिली जात नाही. प्रथम पाइप डोक्यावर धरून बैठक, नंतर मांडीच्या वरच्या भागापासून उचल, मग गुडघ्याच्या वरून, आणि सर्वांत शेवटी जमिनीवरून. याचे कारण सरळ आहे. उचलीतील निर्णायक क्षण कमरेजवळ येतो, जेव्हा नितंब आणि गुडघे एकदम सरळ होतात आणि बारला वेग मिळतो. तो क्षण अंगवळणी पडला नसेल तर जमिनीपासून केलेली सारी ओढ वाया जाते. तो क्षण येईपर्यंत हात सरळ राहिले पाहिजेत, यावर सरांचा कटाक्ष असतो. हात लवकर वाकले की पायांची ताकद बारपर्यंत पोहोचत नाही. बोटांखाली अंगठा दाबून धरण्याची जी हुक ग्रिप, ती पहिल्या दिवसापासून सक्तीची आहे. सुरुवातीला अंगठा दुखतो, पण पकड सुटत नाही.

क्लीन अँड जर्क शिकवताना सर जर्कवर, म्हणजे खांद्यांवरचा बार डोक्यावर नेण्यावर, अधिक वेळ घालवतात आणि ते योग्यच आहे, कारण प्रौढांचे खांदे आणि छातीचा वरचा भाग बसून बसून आखडलेला असतो. गुडघे किंचित वाकवून खाली जाताना धड सरळ रेषेत राहिले पाहिजे, भार टाचेवर टिकला पाहिजे, पाय पुढे-मागे फाकवून बार वर झेलल्यानंतर आधी पुढचा पाय मागे आणि मगच मागचा पाय पुढे आला पाहिजे. ही क्रमवारी एकदा चुकली की रिकामा बारसुद्धा तोल घालवतो.

मला सर्वाधिक आवडलेला धडा मात्र बार टाकण्याचा आहे. उचल फसली तर बार पुढे कसा सोडायचा, स्नॅचमध्ये तो डोक्यामागे गेला तर आपण पुढे कसे निसटायचे, आणि अडलेला बार वाचवण्याचा मोह का टाळायचा, हे वजन वाढवण्यापूर्वी प्रत्येकाकडून करून घेतले जाते. भीती जाण्याचा याहून खात्रीचा मार्ग मला माहीत नाही. वर्गातील साठीच्या एक बाई, ज्या सुरुवातीला पाइपही घट्ट आवळून धरत, आता निःशंकपणे बार सोडून बाजूला होतात आणि पुन्हा उचलायला उभ्या राहतात.

हे शक्य होते ते साहित्यामुळे, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहिते. बार टाकायचा तर रबराच्या बंपर प्लेट हव्यात. लोखंडी प्लेटनी फरशीही फुटते आणि बारही वाकतो. स्पर्धेच्या प्रमाणातील मोठ्या प्लेटचा व्यास ४५ सेंटिमीटर असतो, त्यामुळे जमिनीवर ठेवलेल्या बारची उंची ठरलेली राहते. नवशिक्याला पेलतील अशा लहान लोखंडी प्लेट लावल्या तर बार फार खाली जातो आणि पाठ गोल होते. यावर उपाय म्हणजे पूर्ण व्यासाच्या, पण वजनाने हलक्या सराव प्लेट. त्या इथे थोड्याच आहेत, म्हणून उरलेल्यांसाठी बारखाली लाकडी ठोकळे ठेवतात. त्यानेही काम भागते. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे या व्यायामशाळेत स्त्रियांचा बार वेगळा आहे. पुरुषांचा बार २० किलोंचा आणि २८ मिलिमीटर जाड असतो, स्त्रियांचा १५ किलोंचा आणि २५ मिलिमीटर. तीन मिलिमीटरचा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो, पण लहान पंजाच्या हाताला हुक ग्रिप बसते की नाही, ते त्यावरच ठरते. शहरातील पुष्कळ जिममध्ये हा बार ठेवलेलाच नसतो, आणि स्त्रियांना या खेळापासून दूर ठेवणारी ही एक न दिसणारी अडचण आहे, असे माझे ठाम मत आहे. बारची टोके मोकळेपणाने फिरतात का, हेही नव्या वर्गात जाताना हाताने फिरवून पाहावे. ती अडकत असतील तर बार झेलताना सगळा पीळ मनगटावर येतो.

उकिडवे बसण्याची सवय टिकवून असलेल्यांना इथे मोठा लाभ मिळतो. शेतात काम केलेल्या किंवा अजूनही जमिनीवर बसून भाजी निवडणाऱ्या बायकांचे घोटे सहज वाकतात आणि त्यांची बैठक पहिल्या आठवड्यातच खोल जाते. खुर्चीवर आयुष्य काढलेल्या आम्हा कार्यालयीन मंडळींना टाचेखाली पातळ फळी घ्यावी लागते. उंच टाचेचे वेटलिफ्टिंगचे बूट याच कारणासाठी असतात; तरीही सर ते लगेच घेऊ देत नाहीत, आधी घोट्यांचा व्यायाम करायला लावतात.

आता आहार. सर त्याला जुन्या तालमीच्या शब्दात खुराक म्हणतात, पण त्यांचा खुराक दूध, तूप आणि बदामांच्या ढिगाचा नाही. प्रवेश घेतल्यावर प्रत्येकाने एक आठवडा जे खाल्ले ते वहीत लिहायचे, काहीही बदलायचे नाही. ती वही पाहून ते एका वेळी एकच बदल सुचवतात. बहुतेकांच्या वहीत दोष सारखाच निघतो : भात, पोळी, भाकरी, चहा आणि बिस्किटे भरपूर, प्रथिने तुटपुंजी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला रोज शरीराच्या दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात, म्हणजे ६० किलो वजनाच्या व्यक्तीला सुमारे ५० ग्रॅम. वजन उचलणाऱ्याची गरज याहून जास्त असते आणि क्रीडापोषणात साधारण १.६ ग्रॅमपर्यंतचा आकडा धरला जातो. म्हणजे त्याच व्यक्तीला ९५ ग्रॅमच्या आसपास.

हा आकडा घरच्या जेवणातून गाठता येतो का, हे मी स्वतः स्वयंपाकघरातला काटा घेऊन तपासले आहे. दोन अंड्यांतून १२ ग्रॅम, पेलाभर दुधातून ६, चाळीस ग्रॅम कोरड्या मटकीच्या उसळीतून ९, शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकऱ्यांतून १०, वाटीभर दह्यातून ५, मूठभर फुटाण्यांतून ६, रात्रीच्या शंभर ग्रॅम पनीरमधून १८, पोळ्यांतून ७ आणि वरणातून ६ ग्रॅम. बेरीज ७९ होते. त्यात तीस ग्रॅम सोयाबीनच्या वड्या भाजीत घातल्या की आणखी १५ ग्रॅम मिळून आपण ९४ वर पोहोचतो. मांसाहार करणाऱ्याचे पनीरच्या जागी शंभर ग्रॅम शिजवलेल्या चिकनने त्याहूनही सहज भागते. मात्र एक गैरसमज इथे दूर झाला पाहिजे. वरणाची एक पातळ वाटी म्हणजे पुरेशी प्रथिने, असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मानले जाते. पातळ वरणात डाळ किती असते हे एकदा मोजून पाहिले की तो समज टिकत नाही.

पथ्य टिकते ते सणावारांचा आधीच विचार केला तर, आणि या बाबतीत वर्गाचा सल्ला फार समंजस आहे. श्रावणात किंवा चतुर्थीला उपवास मोडा, असे कोणी सांगत नाही. साबुदाण्यात जवळजवळ सगळा पिष्टांशच असतो, म्हणून त्या दिवशी दही, दूध, शेंगदाणे आणि राजगिरा वाढवावा, आणि जड उचल दुसऱ्या दिवशी करावी, एवढेच सुचवले जाते. व्यायामापूर्वी केळे किंवा तासगावकडचे मूठभर बेदाणे, घरी गेल्यावर लगेच नेहमीचे जेवण. कोणताही पदार्थ कायमचा वर्ज्य केलेला नसल्यामुळे दिवाळीनंतर वर्ग सोडून जाणारे इथे कमी दिसतात. भूक मारून वजन उतरवण्याला सरांचा स्पष्ट विरोध आहे, कारण उपाशी माणसाची उचल खुंटते आणि त्याचे शिकणेही थांबते.

पावडरबद्दल विचारल्यास सर नाही म्हणत नाहीत, पण विकतही नाहीत. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांमध्ये शरीर कमावण्यासाठी प्रथिनांची पूरके टाळावीत, असे म्हटले आहे. ज्यांचे जेवण वर सांगितल्याप्रमाणे बसते, त्यांना ती खरोखरच लागत नाहीत, असे माझेही मत आहे. ज्यांना घ्यायचीच असतील त्यांनी डब्यावरचा चौदा अंकी एफएसएसएआय (भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरण) परवाना क्रमांक आणि एका मापातील प्रथिनांचे ग्रॅम पाहावेत, आणि केवळ ‘मिश्रण’ असे लिहून प्रमाण लपवणारे डबे घेऊ नयेत.

उणिवाही आहेत आणि त्या सांगितल्याच पाहिजेत. वजन उचलण्याचे प्लॅटफॉर्म तीनच आहेत. संध्याकाळी स्पर्धेची तयारी करणारी शाळकरी मुले असतात आणि त्यांना अग्रक्रम मिळतो. तो मिळायलाच हवा, पण नोकरदारांना त्यामुळे पहाटेची वेळच सोयीची पडते. पत्र्याच्या छपराखाली एप्रिल-मे महिन्यांत सकाळी नऊनंतर थांबवत नाही. स्त्रियांना कपडे बदलायची खोली अगदीच लहान आहे आणि तिथे कडीची दुरुस्ती बरेच दिवस रेंगाळली आहे. स्त्रियांचा बार आवर्जून आणणाऱ्या व्यायामशाळेने याकडेही तितक्याच तत्परतेने पाहावे, असे मी सरांना सांगितले आहे. शाकाहाराविषयीचे मार्गदर्शन मला अपुरे वाटले. सरांची स्वतःची घडण अंडी आणि मटणावर झालेली असल्याने सोया, पनीर आणि कडधान्यांचे हिशोब शाकाहारी मंडळींना आपसांत बसवावे लागतात. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांना मात्र डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय प्रवेश मिळत नाही, आणि या अटीत कोणालाही सूट मिळालेली मी पाहिली नाही.

लवकर बारीक व्हायचे आहे किंवा दंड फुगवायचे आहेत, अशा अपेक्षेने येणाऱ्याला हा वर्ग कंटाळवाणा वाटेल. इथे आरसे नाहीत, संगीत नाही, आणि वजन एकेका किलोने वाढते. सांधे, हाडे आणि तोल यांसाठी एखादे अवघड कौशल्य नेटाने शिकायची तयारी असलेल्यांना, विशेषतः पंचेचाळिशीच्या पुढच्या स्त्रियांना, मी हा वर्ग मनापासून सुचवेन. महिन्याचे शुल्क १,२०० रुपये आहे आणि वर्षाचे पैसे एकदम घेतले जात नाहीत. पाहायला जायचे असेल तर पहाटे सहाच्या वर्गाला जावे, सपाट तळाचे साधे बूट घालावेत आणि सोबत गेल्या आठवड्याच्या जेवणाची वही न्यावी. सर ती पहिल्याच भेटीत मागतात.