इनोव्हा हायक्रॉस: साधी सीव्हीटी की हायब्रिडची ई-सीव्हीटी?

सीव्हीटी म्हणजे ठरावीक गिअरच्या पायऱ्यांऐवजी इंजिन आणि चाकांच्या वेगाचं गुणोत्तर सलग बदलणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. नाव एकच, पण आतली यंत्रणा अगदी वेगळी. साध्या पेट्रोल हायक्रॉसमध्ये दोन पुली आणि पोलादी पट्टा. तेलाच्या दाबाने पुलींची रुंदी बदलते, तसं गुणोत्तरही. इथे साधं एटीएफ (नेहमीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) भरलं की पट्टा घसरतो, पुलीवर चरे पडतात आणि धातूचा चुरा तेलात फिरतो. सीव्हीटीचंच तेल हवं. गॅरेजवाल्याचं ‘चालतंय हो’ ऐकू नका.

हायब्रिडमध्ये पट्टाच नाही. त्याऐवजी प्लॅनेटरी गिअर, म्हणजे मधल्या गिअरभोवती फिरणारे छोटे गिअर आणि बाहेरची रिंग. छोट्या गिअरना धरणाऱ्या कॅरियरला इंजिन, मधल्या सन गिअरला जनरेटर, बाहेरच्या रिंगवाटे चाकं. जनरेटरचा वेग बदलला की गुणोत्तर बदलतं. रिव्हर्स गिअर नाही, चाकं फिरवणारी इलेक्ट्रिक मोटरच उलटी फिरते. मात्र हायब्रिडची बॅटरी थंड ठेवणाऱ्या पंख्याची जाळी धुळीने तुंबू देऊ नका. टोइंग करताना दोन्हींची पुढची चाकं उचललेलीच हवीत.