कॉर्ड ओळखणारं ॲप: आठ महिने रोज वापरल्यावर

पियानोला मिडी केबल (दाबलेली की आकड्यात फोनला कळवणारी) जोडायची, स्वर दाबायचे, की पडद्यावर कॉर्डचं, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटाचं, नाव येतं. मी हे ॲप जर्मन संगीतकार बाख समजून घ्यायला घेतलं. साध्या ट्रायड (तीन स्वरांच्या कॉर्ड), सेव्हन्थ (चार स्वरांच्या) आणि त्यांची इन्व्हर्जन्स (खालचा स्वर बदललेली रूपं) ते चुकत नाही, आणि पहिल्या दोन महिन्यांत माझा हात त्यामुळेच मोकळा झाला.

गाडी अडली ती बाखच्या 1722 च्या संग्रहातल्या सी मेजर प्रिल्यूडच्या 23व्या बारला, म्हणजे तालाच्या 23व्या खंडाला. खाली ए फ्लॅट, वर एफ, बी, सी, डी. बी आणि सी अगदी खेटून, कानाला टोचणारे. पाचही स्वर धरले की ॲप सी सकट सगळे एकाच नावात कोंबतं. मी मागचा बार वाजवला, सी तिथे आधीपासून आहे. पुढचा वाजवला, तोच सी बीवर उतरतो. म्हणजे तो मागून रेंगाळलेला पाहुणा, सस्पेन्शन. त्याला वगळलं की उरते डिमिनिश्ड सेव्हन्थ. तिलाही ॲप खालच्या स्वरावरून ए फ्लॅटचं नाव देतं, कारण तिचे चारही स्वर सारख्या अंतरावर असतात, त्यामुळे कुठलाही स्वर मूळ वाटू शकतो, आणि मिडीला ए फ्लॅटची की म्हणजे फक्त 44 हा आकडा. पुढे जीवरची डॉमिनंट (घरच्या सी कॉर्डकडे ओढणारी कॉर्ड) येते, म्हणून मूळ स्वर बी धरायचा, हे ठरवायला पुढचा बार ऐकावाच लागतो. (या 23व्या बारच्याच आधी श्वेन्के नावाच्या संगीतकाराने एक जादा बार घुसवला होता. गूनोने याच प्रिल्यूडवर रचलेल्या ‘आव्हे मारिया’त तो ऐकू येतो. मला बाखचा एफ शार्पवरून ए फ्लॅटवर जाणारा उघडा बासच (सगळ्यांत खालचा स्वर) प्रिय आहे.)

वाग्नरच्या ‘ट्रिस्टान’ या ऑपेरामधली सुरुवातीची कॉर्डही तशीच: एफ, बी, डी शार्प, जी शार्प. ॲप म्हणतं, एफ हाफ-डिमिनिश्ड. पण जी शार्प वर एवर सरकतो. त्याला अपोजियाटुरा (पुढच्या स्वरावर टेकणारा उपरा स्वर) मानलं तर खाली फ्रेंच सिक्स्थ (एफ, ए, बी, डी शार्प ही डॉमिनंटकडे नेणारी कॉर्ड) सापडते. दोन्ही वाचनं जाणकार मांडतात. मला दुसरं पटतं, कारण त्यात एफचं खाली ईवर जाणंही बसतं.

सांगीतिक वाक्य संपवणाऱ्या कॅडेन्समधल्या जी-सी-ईलाही ॲप ‘सी, बासमध्ये जी’ म्हणतं. मी ते डॉमिनंटच लिहितो, कारण सी आणि ई पुढे बी आणि डीवर उतरतात.

हल्ली मी आधी वहीत पेन्सिलीने लिहितो, मागचा-पुढचा बार गाऊन बघतो आणि शेवटी केबल जोडतो. स्वर वाचण्यात चूक झाली असेल तर ॲप ती लगेच पकडतं. त्या कामासाठी ते अजून फोनवर ठेवलंय.