बेवा ३७१ फिल्म: आठ महिने आणि एक पावसाळा

बेवा ३७१ फिल्म म्हणजे इस्त्रीने तापवून चिकटवायचा गोंदाचा पातळ पापुद्रा; जुन्या चित्राच्या कुजलेल्या कडांना मागून कापडाची पट्टी जोडायला तो वापरतात. जुलैत तैलचित्र स्ट्रेचरवर, म्हणजे लाकडी चौकटीवर, पुन्हा ताणताना कोपऱ्यातली अशी नवी पट्टी सालीसारखी निघून आली. फिल्म जुनी निघाली असं समजून पुरवठादाराशी वादही झाला. तो वाद चुकीचा होता.

पट्टी उलटून बघा, खरं कारण तिथेच दिसतं. तिच्यावर फिल्मची चकाकी जशीच्या तशी, आणि कॅनव्हासची पाठ कोरडी. म्हणजे फिल्म पट्टीला बसली, चित्राला बसलीच नाही: उष्णता कमी पडली. चित्रसंवर्धक गुस्ताव बर्गर यांनी बनवलेल्या या गोंदाला ६५ अंश सेल्सिअस लागतात ते जोडाच्या जागी, इस्त्रीच्या तबकडीवर नव्हे. मध्ये न चिकटणारा सिलिकॉन कागद आणि पट्टीचं कापड असतं, ते बरीच उष्णता खातं. त्यात स्वस्त इस्त्रीचा थर्मोस्टॅट दिवा विझल्यावरही तळ तापवत राहतो, मग एकदम थंड पडतो. जास्त तापवलं तर गोंद पातळ होऊन विणीत शिरतो आणि जाड रंगाचे उंचवटे दबतात. हे नुकसान परत भरून येत नाही.

म्हणून थर्मोकपलची, म्हणजे तापमान मोजणारी, बारीक तार पट्टी आणि टाकाऊ कॅनव्हासच्या मध्ये ठेवून आधी मोजा. फिल्म कितीही चांगली असो, हा एक आकडा चुकला की सगळं काम वाया.

पट्टी सात-आठ सेंटिमीटर रुंद कापा. आतल्या कडेचे आडवे धागे एक सेंटिमीटरभर ओढून काढा, नाहीतर काही महिन्यांत समोरच्या रंगावर सरळ रेघ उठते. फिल्म आधी पट्टीवर चिकटवा, फिल्मवरचा कागद सोला, मग चित्राच्या गंजक्या खिळ्यांनी कुजलेल्या कडेवर लावा. इस्त्री उचलताक्षणी थंड संगमरवराची लादी ठेवा. पकड निवताना येते. गरम असताना ओढून पाहणारे हमखास फसतात.

जाडसर विणीला ६५ मायक्रॉनची फिल्म, बारीक विणीला २५ची. महाग आहे, पण लांब कातरणं पोस्टरसारखी गुंडाळून न ठेवता सपाट ठेवली तर छोट्या फाटींना पुरतात.

सुटलेल्या रंगाच्या खपल्यांना मात्र ही फिल्म नको. तिथे स्टर्जन माशाचा ३ टक्के सरस कोमट करून ब्रशच्या टोकाने सोडा. तो चार दिवसांत कुजतो, म्हणून रोज लागेल तेवढाच करा.

योग्य तापमानाने पुन्हा लावलेली तीच पट्टी ऑगस्ट-सप्टेंबरच्या दमटपणात ना सुटली, ना तिला बुरशी आली. पिठाच्या खळीवर बसवलेल्या जुन्या अस्तराची कड त्याच खोलीत हिरवी पडली होती.